आमदारांच्या संपर्क कार्यालयात छळ होत असेल तर तक्रार कुठे करायची?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "मी कोकण किनाऱ्यावरच्या एका तालुक्यात आमदारांच्या संपर्क कार्यालयात तीन वर्षं काम करते. आम्ही सहा जण आहोत. नेमणूकपत्र नाही, पगार कधी रोख, कधी मोबाइलवरून. साहेब आलेल्या लोकांसमोर अंगावर ओरडतात, एकदा फाइल फेकून मारली. त्यांचे पीए रात्री अकरानंतर नको ते मेसेज पाठवतात. डिसेंबरमध्ये नागपूर अधिवेशनाला नेलं तेव्हा पीएंनी हात धरला. आता फेब्रुवारी अर्धा संपला. तक्रार विधानभवनात करायची की पोलिसांत? आमदारांना विशेषाधिकार असतो म्हणतात. घरचे म्हणतात, गप्प बस."

तुम्हाला आधी सरळ उत्तर देते, मग कारणं सांगते. तुमची तक्रार विधानभवनात नाही, लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या तुमच्या जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. ती मार्चच्या पहिल्या आठवड्याच्या आत तिथे पोचली पाहिजे. पोलिसांकडे जायचा तुमचा हक्क वेगळा आहे, तो यानं कमी होत नाही. आणि विशेषाधिकार या बाबतीत कुणाच्याही कामाचा नाही.

मी वकील आहे. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात पंचवीसेक वर्षं बायकांच्या आणि कामगारांच्या तक्रारी हाताळल्या. बँका, शाळा, मासळीचे कारखाने यांच्या अंतर्गत समित्यांवर बाहेरची सदस्य म्हणून बसले आणि एक मुदत स्थानिक समितीवर काम केलं. इतक्या वर्षांत एक गोष्ट पक्की झाली. तक्रार खरी आहे की नाही हे ठरायच्या कितीतरी आधी तिचा निकाल लागलेला असतो, आणि तो लागतो ती ऐकायला कोण बसलंय यावरून. ज्याच्याबद्दल तक्रार आहे त्याच्या मर्जीवर ज्याची नोकरी, बदली, निधी किंवा तिकीट अवलंबून आहे, त्यानं ती ऐकता कामा नये. आमदारांच्या कार्यालयात नेमकी हीच अडचण आहे. तिथे सगळ्यांचंच काहीतरी साहेबांकडे अडकलेलं असतं.

कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा २०१३ चा. त्याआधी सोळा वर्षं सर्वोच्च न्यायालयाच्या १९९७ च्या विशाखा निकालातल्या मार्गदर्शक तत्त्वांवर काम चालायचं. या कायद्यात दहा किंवा जास्त माणसं असतील तिथे मालकानं अंतर्गत समिती नेमायची आहे. दहापेक्षा कमी असतील, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्धच असेल, तर ती जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. तुम्ही सहा जण आहात, म्हणजे पीएविरुद्धची तक्रार पहिल्या कारणानं स्थानिक समितीकडे जाते. साहेबांविरुद्धची दोन्ही कारणांनी जाते. विधिमंडळ सचिवालयाची समिती ही तिथल्या कर्मचाऱ्यांसाठी. तुम्ही सचिवालयाच्या नोकर नाही, आणि आमदार तर कुणाचेच नोकर नाहीत. तिकडे अर्ज पाठवलात तर तो या टेबलावरून त्या टेबलावर फिरेल आणि तेवढ्यात तुमची मुदत संपेल. असं संपलेलं प्रकरण मी पाहिलंय. त्या बाईची बाजू भक्कम होती, अर्ज चुकीच्या दारात पडला होता.

नेमणूकपत्र नाही म्हणून घाबरू नका. कायद्यात कर्मचारी या शब्दाची व्याख्या मुद्दाम ऐसपैस ठेवली आहे. कायम, हंगामी, रोजंदारी, शिकाऊ, इतकंच काय, बिनपगारी स्वेच्छेनं काम करणारीसुद्धा त्यात येते. नोकरीच्या अटी लेखी हव्यात असंही नाही. तुम्ही तिथे काम करता हे दाखवणारं काय काय आहे ते गोळा करा: मोबाइलवर आलेल्या पगाराच्या नोंदी, तुमच्या अक्षरातलं भेटीला येणाऱ्यांचं रजिस्टर, तुम्ही टाइप केलेली शिफारसपत्रं, कार्यक्रमातलं गळ्यातलं ओळखपत्र, अधिवेशनाचा प्रवेशपास. कामाच्या निमित्तानं जिथे जावं लागतं ते ठिकाण, तिथे नेणारं वाहनसुद्धा, कामाच्या ठिकाणात धरलं जातं. त्यामुळे नागपूरचा प्रसंग, आणि त्या प्रवासात काही घडलं असेल तर तेही, तुमच्या जिल्ह्यातल्या तक्रारीत यायला हवं.

मुदतीचं नीट समजून घ्या. प्रसंग घडल्यापासून तीन महिने. प्रसंगांची मालिका असेल तर शेवटच्या प्रसंगापासून तीन महिने. उशिराचं पटण्यासारखं कारण असेल तर समिती ते लिहून ठेवून आणखी तीन महिन्यांपर्यंत सवलत देऊ शकते, पण त्या सवलतीवर विसंबू नका. मेसेज अजून येत असतील तर मालिका चालूच आहे असं म्हणता येईल. तरीही हात धरल्याचा प्रसंग डिसेंबरचा आहे आणि तोच सगळ्यात गंभीर आहे, म्हणून मी मार्चचा पहिला आठवडा म्हटलं.

आता ज्यावर सगळं उभं राहतं त्याबद्दल जरा थांबून सांगते: घटनाक्रम. तुमच्या प्रश्नात दोन वेगळ्या गोष्टी आहेत, साहेबांचं ओरडणं आणि पीएचे मेसेज. आपल्याकडे कामाच्या ठिकाणच्या दादागिरीविरुद्ध, अपमानाविरुद्ध वेगळा सर्वसाधारण कायदा नाही. साहेब बाई-पुरुष न बघता सगळ्यांवरच ओरडत असतील, तर केवळ ओरडणं स्थानिक समितीच्या कक्षेत येणार नाही. पण हाच कायदा पुढे असंही सांगतो, की लैंगिक छळाला जोडून नोकरीबद्दल धमकी दिली, कामात अडथळे आणले, दहशतीचं वातावरण केलं, आरोग्यावर परिणाम होईल अशी अपमानाची वागणूक दिली, तर तेही छळच. म्हणून प्रश्न असा येतो: मेसेजना उत्तर देणं तुम्ही कधी बंद केलंत, आणि तुमच्यावरचं ओरडणं कधी वाढलं? या दोन तारखा जवळजवळ असतील तर दोन वेगळ्या वाटणाऱ्या गोष्टी एकाच दोरीला बांधलेल्या निघतात.

ओळख पटणार नाही अशा बेतानं एक प्रकरण सांगते. एक बाई समितीसमोर आली तेव्हा तिच्याकडे पिशवीत गुंडाळून आणलेलं भिंतीवरचं जुनं कॅलेंडर होतं. आपल्या घरात दुधाचा हिशोब लिहितात तसं तिनं काही तारखांच्या चौकोनात पेन्सिलीनं बारीक फुली केली होती, आणि काहींत फुलीखाली एक अक्षर. फुली म्हणजे त्या दिवशी त्रास झाला, अक्षर म्हणजे समोर कोण होतं. तिनं ते पुरावा म्हणून केलं नव्हतं. कुणाला सांगता येत नव्हतं म्हणून केलं होतं. आम्ही तिचे मेसेज आणि कार्यालयाचं हजेरीपुस्तक त्या कॅलेंडरशेजारी ठेवून तारखा जुळवल्या. मेसेजना उत्तर देणं थांबल्यापासून चार दिवसांत पहिली फुली होती, आणि त्यानंतर तिला तालुक्याबाहेरची कामं लागायला लागली होती. समोरच्या बाजूचं म्हणणं होतं की ती कामात कुचराई करते म्हणून बोलावं लागलं. ते म्हणणं त्या पेन्सिलीच्या फुल्यांपुढे टिकलं नाही.

म्हणून आज रात्री बसा आणि वहीत लिहा. तारीख, वार, वेळ, जागा, कोण हजर होतं, आणि नेमके शब्द. शब्द जसे उच्चारले तसेच, मालवणीत असतील तर मालवणीत, शिवी असेल तर शिवीसकट. "अपशब्द वापरले" असं सोवळं लिहू नका, त्यातून समितीला काहीच कळत नाही. तारीख आठवत नसेल तर "शिमग्याच्या आदल्या आठवड्यात", "मिरगाचा पहिला पाऊस झाला त्या दिवशी" असं लिहिलं तरी चालतं. नंतर जुळवता येतं. अंदाजानं खोटी अचूक तारीख मात्र टाकू नका. एक तारीख चुकली की उरलेल्या खऱ्या तारखांवरही बोट ठेवतात.

मेसेज पुसू नका, फोन बदलू नका, विकू नका. फोटो काढताना वर नंबर, नाव आणि तारीख दिसेल असा काढा. ते कुठल्याही ग्रुपवर टाकू नका, जवळच्या मैत्रिणीलाही पुढे पाठवू नका. एक प्रत कार्यालयाशी काही संबंध नसलेल्या विश्वासाच्या माणसाकडे ठेवा.

विशेषाधिकाराबद्दल लोक फार घाबरवतात. राज्यघटनेच्या १९४ व्या कलमानं आमदारांना संरक्षण आहे ते सभागृहात केलेल्या भाषणाला आणि दिलेल्या मताला. संपर्क कार्यालयात फेकलेली फाइल म्हणजे भाषण नव्हे. केरळ विधानसभेतल्या तोडफोडीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०२१ मध्ये स्पष्ट सांगितलं, की विशेषाधिकार म्हणजे फौजदारी कायद्यातून सूट नव्हे. तुमचा प्रसंग तर सभागृहाच्या बाहेरचा आहे. एकच काळजी घ्या. विधानभवनाच्या आवारात अध्यक्षांच्या परवानगीशिवाय नोटीस बजावता येत नाही. म्हणून अर्जात साहेबांचा पत्ता संपर्क कार्यालयाचा आणि घरचा द्या, विधानभवनाचा देऊ नका. इतक्या साध्या कारणानं नोटीस परत येते आणि महिना जातो.

समितीनं चौकशी ९० दिवसांत संपवायची असते. समोरून हमखास येणारं उत्तर म्हणजे "अधिवेशन चालू आहे". ते कारण खरंही असतं, मार्चमध्ये तर नक्कीच. मी समितीवर असताना अधिवेशनाचं वेळापत्रक समोर ठेवूनच तारखा लावायची, शनिवारसुद्धा घ्यायची. मग गैरहजेरीला सबब राहत नाही. लागोपाठ तीन तारखांना योग्य कारणाशिवाय कुणी आलं नाही, तर पंधरा दिवसांची लेखी नोटीस देऊन समितीला एकतर्फी पुढे जाता येतं. साक्षीदार बोलावण्याचे, कागद मागवण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार समितीला आहेत. नागपूरला खोल्या कुणाच्या नावावर होत्या, गाडी कुणी ठरवली, हे कागद तुम्ही आणू शकणार नाही, पण समिती मागवू शकते. अर्जातच तशी विनंती लिहा. आणि समितीसमोर कुठल्याही बाजूला वकील उभा करता येत नाही. म्हणजे साहेबांचे मोठे वकील तिथे येणार नाहीत, आणि मीही तुमच्यासोबत आत येऊ शकणार नाही. अर्ज लिहायला मात्र मदत घ्या. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, १५१०० वर फोन करून विचारता येतं.

समोरच्याची बाजूही पूर्ण ऐकली गेली पाहिजे, हे मी तुम्हालाच आवर्जून सांगते. शेजारच्या गोवा विद्यापीठातलं एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. मे २०२३ मध्ये न्यायालयानं तिथल्या प्राध्यापकावरची कारवाई रद्द करून चौकशी पुन्हा समितीकडे पाठवली, कारण समितीनं शेवटी शेवटी इतकी घाई केली होती की त्यांना बचावाची नीट संधी मिळाली नाही. तक्रार केलेल्या मुलींची इतक्या वर्षांनी काय अवस्था झाली असेल, याचा विचार करा. तेव्हा समिती समोरच्याला प्रश्न विचारू देते, कागदांच्या प्रती देते, तेव्हा ती फितूर झाली असं समजू नका. तुमच्या बाजूचा निकाल पुढे टिकावा म्हणूनच ते लागतं. प्रश्न समोरासमोर नकोत असं वाटत असेल तर ते लेखी घेऊन अध्यक्षांमार्फत विचारावेत अशी विनंती करा. दोघांना वेगवेगळ्या वेळी बोलवा असंही सांगा. एका ठिकाणी दोन्ही पक्षांना दाराबाहेरच्या एकाच बाकावर दीड तास बसवलेलं मी पाहिलं. ती मुलगी आत आली तेव्हा तिला तोंडातून शब्द काढता येत नव्हता, आणि त्या दिवशीचा जबाब पाच ओळींचा झाला.

कोकणात गुप्तता राखणं फार कठीण. कायद्यात नाव-पत्ता फोडायला बंदी आहे, माहिती अधिकारातही ही माहिती मिळत नाही, फोडणाऱ्याला पाच हजारांचा दंड आहे. पण तालुक्याच्या गावात "त्या ऑफिसातली एक" एवढं म्हटलं तरी पुरतं. तालुक्याला नेमलेल्या नोडल अधिकाऱ्याकडे अर्ज देता येतो आणि त्यांनी तो सात दिवसांत समितीकडे पाठवायचा असतो. तुमच्या बाबतीत मी तो रस्ता सुचवणार नाही. तालुक्याच्या कचेरीत साहेबांचं रोजचं येणं-जाणं आहे. थेट जिल्ह्याच्या ठिकाणी जा, महिला व बाल विकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात स्थानिक समितीच्या नावानं अर्ज द्या. एसटीनं दीड-दोन तास लागतील, पण ते दोन तास तुमच्या कामी येतील.

आणि मग घरी माणसं येतील. ओट्यावर बसतील, चहा घेतील, म्हणतील, "आपलोच माणूस आसा, मिटवून टाका." वडिलांचं कुठलं काम अडलंय, भावाची नोकरी कुणाच्या शब्दावर आहे, याची हळूच आठवण करून देतील. कायद्यात समेटाची सोय आहे, पण ती फक्त तक्रारदारानं स्वतः मागितली तर, चौकशी सुरू व्हायच्या आधी, समितीमार्फत, आणि पैशांच्या बदल्यात कधीच नाही. ओट्यावरचा समेट यात बसत नाही. कुणी आलं तर तारीख आणि नाव वहीत लिहा आणि समितीला कळवा. "सिद्ध झालं नाही तर उलट तुझ्यावरच केस" असंही कुणी सांगेल. पुरावा कमी पडला एवढ्यानं तक्रार खोटी ठरत नाही, हे कायद्यात स्पष्ट लिहिलं आहे. जाणूनबुजून खोटं बोलल्याचं वेगळं सिद्ध व्हावं लागतं.

आपल्याकडे गाऱ्हाणं आधी देवापुढे घालतात. माझ्याकडे आलेल्या एका बाईनं ग्रामदेवतेला कौल लावला होता, उजवा कौल मिळाल्यावरच ती आली. मला त्यात काही गैर वाटलं नाही. उलट तिनं ते एकदा मोठ्यानं उच्चारलं होतं, म्हणून समितीपुढे तिचा आवाज फुटला. पण देवळात गाऱ्हाण्याला सगळे "व्हय म्हाराजा" म्हणतात, आणि समितीपुढे रोज एका टेबलावर जेवणारा सहकारीसुद्धा मान खाली घालतो. साक्षीदारांवर रागावू नका. त्यांचीही नोकरी तिथेच आहे. अर्जात त्यांची नावं द्या, समितीनं बोलावलं तर काहीजण बोलतात. तुमच्या सांगण्यावरून आले असं त्यांच्यावर येत नाही, हा त्यांना आधार असतो.

निकाल तुमच्या बाजूनं लागला तर पुढे काय, हा प्रश्न रास्त आहे. पीएला लेखी माफीपासून नोकरीवरून काढण्यापर्यंत कारवाई सुचवता येते. आमदारांना सेवानियम लागू नाहीत, त्यामुळे तिथे समितीचा हात आखूड पडतो. पण नुकसानभरपाई ठरवता येते, आणि ती दिली नाही तर जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करता येते. चौकशी चालू असताना तीन महिन्यांपर्यंत जादा रजा मिळावी अशी लेखी मागणी याच अर्जात करा. बदली मागून उपयोग नाही, सहा जणांच्या कार्यालयात बदली कुठे करणार?

पोलिसांबद्दल: हात धरणं हा भारतीय न्याय संहितेच्या ७४ किंवा ७५ कलमाखाली गुन्हा होऊ शकतो. नागपूरला घडलं तरी तुमच्या ठाण्यात नोंदवता येतो, ते तो नागपूरला पाठवतात. महिला अधिकाऱ्यानंच जबाब घ्यायचा असतो. दोन्ही तक्रारी एकाच वेळी चालू शकतात. पोलिसांत जायचं की नाही हे मात्र तुमचं तुम्ही ठरवा, त्यासाठी कुणी घाई करू नये, मीसुद्धा.

उरलं ते साहेबांचं ओरडणं, ते जर मेसेजशी जोडता आलं नाही तर. विधानसभा अध्यक्षांना पत्र लिहिता येतं, आणि मी तुम्हाला लिहायला सांगेन, पण त्यावर काय करायचं याचा ठरलेला रस्ता तुमच्यासारखीसाठी नाही. ५ जुलै २०२१ ला सभागृहाचं कामकाज चालवणाऱ्या पीठासीन अधिकाऱ्यांशी, म्हणजे आपल्याच गुहागरच्या आमदारांशी, गैरवर्तन केल्याच्या आरोपावरून सभागृहानं बारा आमदारांना त्याच दिवशी वर्षभरासाठी निलंबित केलं. पुढे जानेवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते अधिवेशनापलीकडचं निलंबन रद्द केलं. तो वाद सदस्य आणि सभागृह यांच्यातला होता. आमदाराच्या कार्यालयात फोन उचलणाऱ्या मुलीचं गाऱ्हाणं त्या सभागृहात कुठल्या मार्गानं मांडायचं? ब्रिटनच्या संसदेतही अशीच पोकळी होती. तिथे २०१८ मध्ये स्वतंत्र तक्रार योजना आली, तिच्यात लैंगिक छळाबरोबर दादागिरीही घेतली. २०२० पासून खासदारांच्या शिक्षेचा निर्णय एकही खासदार नसलेल्या तज्ज्ञ मंडळाकडे दिला. ऑस्ट्रेलियात २०२१ च्या अहवालात संसदेत काम करणाऱ्या दर तिघांतल्या एकानं तिथे लैंगिक छळ सोसल्याचं सांगितलं, त्यानंतर तिथेही स्वतंत्र यंत्रणा उभी राहिली. आपल्या विधिमंडळात २८८ आणि ७८ सदस्य आहेत, आणि त्यांच्या कार्यालयांत काम करणाऱ्या माणसांसाठी सदस्यांच्या हाताबाहेरचं एक दार असायलाच हवं. हे मी जिथे संधी मिळेल तिथे बोलते आणि लिहिते. तुमच्या अर्जाला मात्र त्याची वाट बघायची गरज नाही.

तेव्हा या आठवड्यात अर्ज लिहा. सहा प्रती लागतात, सोबत कागदांच्या नकला आणि साक्षीदारांची नावं-पत्ते. सातवी प्रत तुमची. तिच्यावर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकीपासून हलू नका. "साहेब जेवायला गेलेत, नंतर या" म्हणाले तर बाहेर थांबा. ती प्रत घरी नेऊन वहीत ठेवा, कॅलेंडरवर त्या तारखेला खूण करा आणि तिथून नव्वद दिवस मोजायला लागा.